रिकाम्या टाकीचे चाळीस दिवस



आजच्या भाषणाचा विषय मासे हा नसून माशांपूर्वींचें पाणी हा आहे. घरांत काचेची टाकी ठेवून तींत समुद्राचें पाणी, खडक आणि रंगीत मासे ठेवावे, ही हौस अलीकडे आपल्या शहरांतील कुटुंबांत बरीच शिरली आहे. गोड्या पाण्यांतील मासे आपल्याकडे पूर्वींपासून पाळले जातात, आणि त्यांत थोडाफार हलगर्जीपणा झाला तरी बहुधा निभावून जातो. समुद्राच्या माशांचें तसें नाहीं. ज्यांनीं ही हौस धरली आणि दोन महिन्यांत टाकी गच्चीवर उपडी घालून ठेवली, अशीं चारपांच घरें माझ्या माहितींतलीं आहेत. त्यांपैकीं एकाहि घरीं मासे उपासानें मेले नव्हते, थंडीनें मेले नव्हते, कीं कोणीं त्यांस त्रास दिला म्हणून मेले नव्हते. ते नव्या पाण्यानें मेले. पाणी स्वच्छ होतें, आरशासारखें नितळ होतें, आणि तरीहि तें पाणी विषारी होतें.

मी कांहीं शास्त्रज्ञ नव्हे. मॅट्रिक होऊन प्राथमिक शाळेंत शिक्षक झालों आणि मुलांस शिकवितां शिकवितां निवृत्त झालों. निवृत्तीनंतर नातवाच्या आग्रहामुळें शंभर लिटरची एक टाकी आमच्या घरीं आली, आणि जुन्या संवयीमुळें मीं तिच्याशेजारीं एक वही ठेवली. आज जें सांगणार आहें तें त्या वहींतलें व त्या निमित्तानें केलेल्या वाचनांतलें आहे.

प्रथम विष कोणतें तें पाहूं. मासा जें खातो त्यांतील प्रथिनांचा जो नत्रयुक्त अंश त्याच्या शरीरास नको असतो, तो मुख्यतः अमोनियाच्या रूपानें कल्ल्यांवाटे पाण्यांत सुटतो. आपल्या शरीरांत हाच अमोनिया यकृतांत युरियाचें रूप घेतो व मूत्रावाटे बाहेर जातो. माशास एवढी यातायात करण्याचें कारण पडलें नाहीं, कारण त्याच्याभोंवतीं पाणीच पाणी असतें. सोडला अमोनिया कीं तो समुद्राच्या अफाट विस्तारांत विरून जातो. परंतु शंभर लिटर पाणी म्हणजे न्हाणीघरांतल्या मोठ्या पांच बादल्या. एवढ्याशा पाण्यांत कोंडलेला मासा आपणच सोडलेल्या विषांत श्वास घेऊं लागतो. न खाल्लेलें अन्न कुजून त्यांत आणखी भर घालतें तें निराळेंच.

येथें खाऱ्या पाण्याची एक विशेष गोष्ट ध्यानांत घेतली पाहिजे. अमोनिया पाण्यांत दोन रूपांनीं राहतो. एक रूप बऱ्याच अंशीं निरुपद्रवी, आणि दुसरें, ज्यास मुक्त अमोनिया म्हणतात तें, कल्ल्यांस जाळणारें. कोणतें रूप किती, हें पाण्याच्या आम्लतेवर अवलंबून असतें. ज्यास पीएच म्हणतात तो अंक ७ असेल, म्हणजे पाणी आम्लहि नाहीं व अल्कधर्मीहि नाहीं, तर आपल्याकडील साधारण उष्णतेंत एकूण अमोनियापैकीं अर्धा टक्काच मुक्त असतो. समुद्राच्या पाण्याचा पीएच ८.१ च्या आसपास असतो, आणि तेथें हेंच प्रमाण सुमारें शेंकडा पांचांवर जातें. म्हणजे तेवढाच अमोनिया गोड्या टाकीपेक्षां खाऱ्या टाकींत जवळजवळ दसपट घातक. विहिरींतील मासे वर्षानुवर्षें पाळलेला माणूस समुद्राचे मासे आणून आठवड्यांत हात टेकतो, त्याचें एक मोठें कारण हें आहे.

मग हा अमोनिया जातो कोठें? या प्रश्नाचें उत्तर सांपडण्याची कथा मला फार आवडते, म्हणून थोडी विस्तारानें सांगतों. लंडन शहरांत रॉबर्ट वॉरिंग्टन नांवाचे एक रसायनवेत्ते होते. त्यांनीं १८५० सालीं तेथील केमिकल सोसायटीपुढें एक निबंध वाचला. एका पात्रांत सोनेरी मासे, एक पाणवनस्पति आणि गोगलगायी एकत्र ठेवल्या, तर वनस्पति प्राणवायु पुरविते, गोगलगायी कुजकीं पानें खातात, आणि पाणी न बदलतां मासे दीर्घकाळ जगतात, असें त्यांनीं दाखविलें. पुढें १८५३ सालीं लंडनच्या प्राणिसंग्रहालयांत सार्वजनिक मत्स्यगृह उघडलें, आणि १८५४ सालीं फिलिप गॉस यांच्या पुस्तकानें 'अक्वेरियम' हा शब्द रूढ केला. इंग्लंडांतील घरोघरीं काचेच्या टाक्या आल्या. परंतु अमोनियाचें काय होतें हें वॉरिंग्टन यांस ठाऊक नव्हतें, आणि त्या काळीं कोणासच ठाऊक नव्हतें.

त्यानंतर १८७७ सालीं फ्रान्समधील श्लोझिंग व म्युंट्झ या दोघांनीं शहराचें सांडपाणी वाळू व चुनखडी भरलेल्या एका लांब नळींतून सावकाश सोडून पाहिलें. पहिले वीसेक दिवस कांहींच घडलें नाहीं. अमोनिया जसा आंत गेला तसाच बाहेर आला. नंतर मात्र अमोनिया नाहींसा होऊन त्याच्या जागीं नायट्रेट येऊं लागलें. हें जर नुसतें रासायनिक कार्य असतें तर पहिल्या दिवशींच घडावयास हवें होतें. त्यांस शंका आली कीं वाळूंत कोणी सजीव कामकरी वस्तीस आले असावेत. त्यांनीं नळींत क्लोरोफॉर्मची वाफ सोडली. काम बंद पडलें. क्लोरोफॉर्म काढून घेतला तरी तें सुरू होईना. थोड्या मातीचें धुवण नळींत घातलें तेव्हां कांहीं दिवसांनीं पुन्हां सुरू झालें. शाळेंतल्या मुलांस 'प्रयोग' या शब्दाचा अर्थ सांगावयाचा असेल तर याहून चांगलें उदाहरण मला ठाऊक नाहीं.

हेंच काम इंग्लंडांतील रॉथॅमस्टेड येथील शेतकी प्रयोगशाळेंत पुढें ज्यांनीं चालविलें त्यांचेंहि नांव रॉबर्ट वॉरिंग्टन, आणि ते त्या पहिल्या वॉरिंग्टनांचे चिरंजीव! अमोनियाचें प्रथम नायट्राइट होतें व मग नायट्राइटचें नायट्रेट होतें, आणि हीं दोन कामें दोन निराळे जंतु करितात, हें त्यांनीं दाखविलें. बापानें टाकी भरली आणि त्या टाकींत काय चालतें याचें उत्तर मुलानें शेतांतल्या मातींत शोधिलें. मात्र ते जंतु वेगळे करून दाखविणें त्यांस साधलें नाहीं. तें १८९० च्या सुमारास झुरिच येथें सर्गेई विनोग्राडस्की या रशियन शास्त्रज्ञानें साधलें. प्रयोगशाळेंत जंतु वाढविण्यासाठीं सेंद्रिय अन्न घालीत असत. हे जंतु त्यावर वाढेनात. विनोग्राडस्कींनीं सेंद्रिय अन्न वगळून सिलिकेच्या लगद्यावर नुसते क्षार ठेवून ते वाढविले. हे जंतु अमोनियाच जाळून त्यावर जगतात. आपल्यास जें विष तें त्यांचें सर्पण.

आपल्या देशाशीं या जंतूंचा संबंध फार जुना आहे. बिहारांत गोठ्यांजवळची व जुन्या भिंतींखालची लोणा आलेली माती खरवडून, धुऊन, आटवून शोरा काढीत असत. अठराव्या शतकांत तोफांच्या दारूसाठीं युरोपांतील राष्ट्रें त्यावर टपलेलीं असत. तो शोरा म्हणजे याच जंतूंच्या श्रमाचें फळ होय. जी क्रिया गोठ्याच्या मातींत तीच दिवाणखान्यांतील टाकींत.

अलीकडील संशोधनानें या कथेंत भर घातली आहे. दुसरें काम करणारा जंतु नायट्रोबॅक्टर होय असें पुस्तकांतून शतकभर छापलें गेलें. पण १९९८ सालीं प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेंतील संशोधनांत गोड्या पाण्याच्या टाक्यांतून तें काम मुख्यतः नायट्रोस्पायरा हा जंतु करीत असल्याचें आढळलें. आणि २००५ सालीं सिअॅटल येथील सार्वजनिक मत्स्यालयाच्या खाऱ्या पाण्याच्या टाकींतून अमोनिया जाळणारा एक अगदीं निराळ्या कुळांतला सूक्ष्म जीव वेगळा करण्यांत आला. तो बॅक्टेरियांत मोडत नाहीं, आर्किया या कुळांत मोडतो. त्याच कुळांतील जीव महासागरांतहि विपुल असतात. तेव्हां टाकी म्हणजे केवळ शोभेची वस्तु आहे असें कोणी म्हणूं नये.

आतां व्यवहाराकडे वळूं. नव्या टाकींत हे जंतु नसतात, किंवा असले तरी नगण्य असतात. त्यांची वस्ती काचेवर, वाळूवर आणि विशेषतः सच्छिद्र खडकावर व्हावयाची असते. पाण्यांत ते तरंगत थोडेच राहतात. सामान्य कुजविणारे जंतु अनुकूल स्थितींत वीस मिनिटांत दुप्पट होतात. या मंडळींस अर्धा दिवस, कधीं पुरा दिवस किंवा त्याहूनहि अधिक काळ लागतो. रात्रीं विरजण लावून सकाळीं दहीं मिळतें, तशी घाई येथें चालत नाहीं. वस्ती पुरी होण्यास बहुधा चार ते सहा आठवडे लागतात. या काळांत टाकींत पाणी असतें, खडक असतो, पंप चालू असतो, आणि मासा एकहि नसतो. आमचे शेजारी एकदां म्हणाले, "गुरुजी, नुसतें पाणीच पाळलें आहे काय?" मीं म्हटलें, "होय, सध्यां तेंच पाळतों आहें."

पाणी कोणतें घ्यावें? चौपाटीवरून डबे भरून आणणारे लोक मीं पाहिले आहेत. मुंबईसारख्या शहराचें सांडपाणी ज्या किनाऱ्यास मिळतें तेथील पाणी टाकींत ओतणें मला शहाणपणाचें वाटत नाहीं. साधें मीठ पाण्यांत विरघळवून समुद्र होत नाहीं हेंहि सांगावयास हवें. समुद्राच्या क्षारांत सोडियम व क्लोराइड मिळून शेंकडा पंच्याऐंशी भरतात. उरलेल्यांत सल्फेट, मॅग्नेशियम, कॅल्शियम, पोटॅशियम वगैरे येतात, आणि जीवसृष्टीस त्यांवांचून चालत नाहीं. मिठागरांत मीठ धरतें तेव्हां मॅग्नेशियमचे क्षार मागें उरलेल्या कडू पाण्यांत राहतात. म्हणून समुद्रापासूनच झालेलें मीठ पुन्हां पाण्यांत घालून समुद्र परत मिळत नाहीं. यासाठीं तयार मिश्रण विकत मिळतें तेंच घ्यावें. नळाच्या पाण्यांतील क्लोरीन जंतु मारण्यासाठींच घातलेला असतो, तेव्हां तो आपल्याहि जंतूंस मारणार. गाळून, क्षार काढून शुद्ध केलेलें पाणी घ्यावें. त्यांत मिश्रण घालावें, मिश्रणावर पाणी ओतूं नये. आणि पंपानें एक दिवस ढवळत ठेवावें. हजार भाग पाण्यांत ३५ भाग क्षार हें समुद्राचें प्रमाण. मापकावर विशिष्ट गुरुत्व १.०२५ ते १.०२६ यावें.

आपल्या हवेंत एक अडचण अशी कीं पाणी झपाट्यानें उडतें, आणि मीठ मात्र उडत नाहीं. चैत्र-वैशाखांत आमच्या टाकींतून रोज दीड लिटरच्या वर पाणी जाई. त्याच्या भरतीस खारें पाणी घातलें तर टाकी दिवसेंदिवस अधिक खारट होते. भर नेहमीं गोड्या शुद्ध पाण्याची. उष्णता २५ ते २७ अंशांच्या आंत रहावी. पृष्ठभागावर लहान पंखा सोडला तर दोनतीन अंश उतरतात, पण पाणी आणखी उडतें. पाणी जितकें ऊन तितका त्यांत प्राणवायु कमी, आणि आपले जंतु प्राणवायूवांचून काम करीत नाहींत.

खडकाविषयीं दोन शब्द विशेष सांगावयाचे आहेत. १९६१ सालीं जाकार्ता येथील ली चिन एंग यांनीं समुद्रांतील जिवंत खडक टाकींत ठेवून, नुसती हवा सोडून, मासे व प्रवाळें उत्तम रीतीनें जगवितां येतात हें प्रसिद्ध केलें. तेव्हांपासून जिवंत खडक हा या छंदाचा पाया मानिला गेला, कारण जंतूंची वस्ती त्यांत आयतीच येते. खडकाच्या गाभ्यांत, जेथें प्राणवायु पोंचत नाहीं, तेथें नायट्रेटचा नत्रवायु करून सोडणारे दुसरे जंतुहि असतात. परदेशी पुस्तकें म्हणूनच सांगतात, जिवंत खडक आणा. आपल्याकडे तें करूं नये. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण अधिनियमाच्या पहिल्या अनुसूचींत २००१ सालीं खडक बांधणारीं सर्व प्रवाळें समाविष्ट झालीं. वाघास जें संरक्षण तेंच प्रवाळास. मालवणच्या किनाऱ्यालगतचें सागरी अभयारण्य १९८७ सालचें. तेथें प्रवाळें आहेत तीं पाण्यांत पोहून पहावीं, फोडून घरीं आणूं नयेत. कोणी विक्रेता कानांत कुजबुजून 'खरा खडक' देऊं करील. त्यास नमस्कार करावा. भाजलेल्या मातीचे व चुनखडीचे कृत्रिम सच्छिद्र खडक मिळतात. जंतूंस त्यांवर वस्ती करण्यास कांहीं हरकत नसते, वेळ मात्र अधिक लागतो.

आतां या जंतूंस खावयास काय घालावें? टाकींत मासा नाहीं, म्हणजे अमोनिया नाहीं. अमोनिया नाहीं म्हणजे जंतु येणार नाहींत. पूर्वीं यावर उपाय असा करीत कीं एकदोन काटक मासे सोडावयाचे, ते जगले तर जगले, आणि त्यांच्या जिवावर टाकी तयार करावयाची. माझ्या एका जुन्या सहकाऱ्यांच्या घरीं दुकानदारानें टाकी, मीठ आणि तीन निळे डॅमसेल मासे एकाच दिवशीं दिले. "टाकी चालू होण्यासाठीं हे लागतातच," असें सांगितलें. सहाव्या दिवशीं मासे पृष्ठभागाशीं येऊन तोंड उघडझाप करूं लागले, कल्ले लालभडक झाले. नवव्या दिवशीं तिन्ही गेले. त्यांची नात आठ वर्षांची. तिनें त्यांस नांवें ठेवलीं होतीं. दुकानदार म्हणाला, "होतें असें, दुसरे घेऊन जा." यांत कायद्याचा भंग कदाचित् नसेल, पण समुद्रांतून धरलेला, शेंकडों कोस प्रवास करून आलेला जीव विषाची चव पाहण्यासाठीं वापरावयाचा, आणि तो मरणार हें ठाऊक असून मुलाच्या हातांत द्यावयाचा, यास मी व्यापार म्हणत नाहीं.

दुसरा उपाय कोळंबीचा. बाजारांतून एक कोळंबी आणून टाकींत टाकावी. ती कुजते आणि अमोनिया सुटतो. उपाय खरा आहे, पण किती सुटला याचा हिशेब रहात नाहीं, आणि घरांत वास सुटतो. आमच्या सूनबाईंनीं या उपायास एका वाक्यांत नकार दिला, आणि त्या घरीं स्वयंपाक करितात, मी करीत नाहीं.

तिसरा उपाय मला सर्वांत चांगला वाटतो, आणि त्याचें नांव ऐकून तुम्हांस मौज वाटेल. तो म्हणजे नवसागर. कल्हईवाला तापलेल्या पातेल्यांत जी पांढरी पूड टाकीत असे आणि धुराचा लोट उठत असे, तोच नवसागर. रसायनशास्त्रांत अमोनियम क्लोराइड. मात्र बाजारी नवसागर घेऊं नये, त्यांत काय मिसळलेलें असेल सांगतां येत नाहीं. प्रयोगशाळेसाठीं मिळतो तो शुद्ध घ्यावा. प्रमाणाचा हिशेब पांचवी-सहावीच्या मुलास येईल असा आहे. नवसागराच्या ५३.५ भागांत १७ भाग अमोनिया. लिटरमागें २ मिलिग्रॅम अमोनिया हवा, तर लिटरमागें ६.३ मिलिग्रॅम नवसागर. शंभर लिटरांस ०.६३ ग्रॅम. खडक व वाळूनें व्यापलेली जागा वजा करावी. अधिक घातल्यानें काम लवकर होत नाहीं. फार अधिक झाल्यास जंतूंचेंच काम अडतें. त्याबरोबर एखाद्या मित्राच्या जुन्या, निरोगी टाकींतील मूठभर वाळू मिळाली तर घालावी. हें विरजण. बाटलींत भरलेले जंतुहि विकत मिळतात. ताजे असले तर उपयोगी पडतात.

मोजमापासाठीं थेंबांच्या बाटल्या मिळतात. नळींत पाणी घेऊन थेंब टाकले कीं अमोनिया नसल्यास पिवळा रंग रहातो, असल्यास हिरवा होतो. नायट्राइट असल्यास जांभळा. आमच्या वहींतील नोंदी अशा आहेत. पहिल्या दिवशीं अमोनिया २. तिसऱ्या दिवशीं २. सहाव्या दिवशीं २. नवव्या दिवशींहि २. नातवानें त्यापुढें 'कंटाळा' असा शब्द पेन्सिलीनें लिहिला आहे, तो मीं खोडला नाहीं. बाराव्या दिवशीं अमोनिया दीडावर आला आणि नायट्राइटच्या नळींत फिकट गुलाबी छटा दिसली. श्लोझिंग व म्युंट्झ यांच्या नळींत जें घडलें तें आमच्या दिवाणखान्यांत घडूं लागलें होतें.

पंधराव्या दिवशीं नातवाचा वाढदिवस आला. टाकी त्याच निमित्तानें घेतलेली, मित्र घरीं येणार, आणि टाकींत मासा नाहीं! सूनबाई म्हणाल्या, "बाबा, एक तरी छोटा मासा आणूं या ना. एवढ्यानें काय होतें?" मुलगा गप्प राहिला, पण त्याचेंहि मत तेंच होतें हें मला दिसत होतें. घरांतील सर्वांचें मत एका बाजूस आणि एका थेंबाचा रंग दुसऱ्या बाजूस, असा तो प्रसंग होता. मी कांहीं बोललों नाहीं. नातवास बोलाविलें, नळी त्याच्या हातांत दिली, आणि म्हटलें, "तूं मोज, आणि तूंच ठरीव." त्यानें थेंब मोजून टाकले, पांच मिनिटें घड्याळ पाहिलें, नळी पांढऱ्या कागदासमोर धरली. रंग हिरवा होता. तो बराच वेळ नळीकडे पहात राहिला. मग वहींत त्यानें अमोनिया १ असें लिहिलें आणि म्हणाला, "आजोबा, नको. आज आणला तर तो माझ्या पुढच्या वाढदिवसाला नसेल." संध्याकाळीं मित्र आले तेव्हां त्यानें त्यांस रिकामी टाकी दाखविली आणि प्रत्येकाकडून एकेक थेंब टाकून घेतला. मुलांस केकपेक्षां त्या जांभळ्या नळीचेंच अप्रूप अधिक वाटलें, असें सूनबाईंनींच मागाहून सांगितलें.

एकोणिसाव्या दिवशीं अमोनिया पाव मिलिग्रॅमवर आला आणि नायट्राइटची नळी गर्द जांभळी झाली. यावेळीं पुष्कळांचा असा समज होतो कीं काम झालें. काम अर्धें झालेलें असतें. दुसरा कामकरी सावकाश येतो. येथें एक गोष्ट प्रामाणिकपणें सांगितली पाहिजे. समुद्राच्या पाण्यांत क्लोराइड विपुल असल्यामुळें नायट्राइट माशाच्या रक्तांत सहज शिरत नाहीं, आणि गोड्या पाण्यांत तें जेवढें घातक तेवढें येथें नसतें. तरी नायट्राइट शून्यावर येईपर्यंत थांबावें असेंच मी म्हणेन, कारण तें दिसतें तोंवर वस्ती पुरी झाली नाहीं एवढें निश्चित. आम्हीं थोडा नवसागर पुन्हां घातला आणि थांबलों. तिसाव्या दिवशीं नळी जांभळीच. छत्तिसाव्या दिवशीं ती एकाएकीं फिकी झाली, अडतिसाव्या दिवशीं निळी, म्हणजे नायट्राइट शून्य.

शेवटची परीक्षा अशी. पुन्हां लिटरमागें २ मिलिग्रॅम अमोनिया होईल इतका नवसागर घालावयाचा आणि चोवीस तासांनीं मोजावयाचें. अमोनिया व नायट्राइट दोन्ही शून्य आले तर टाकी उत्तीर्ण. आमची टाकी चाळिसाव्या दिवशीं उत्तीर्ण झाली. मग सांठलेलें नायट्रेट काढण्यासाठीं अर्धें पाणी बदललें. नायट्रेट हें या साखळीचें शेवटचें टोंक. तें थोडें असलें तर मासे सहन करितात, आणि पुढें दर आठवड्यास दहा टक्के पाणी बदलीत गेलें कीं तें आटोक्यांत राहतें.

मासे आणले ते दोन क्लाउन मासे, आणि ते समुद्रांतून धरलेले नव्हेत, टाकींतच जन्मलेले. तामिळनाडूंतील मंडपम् येथील केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेच्या केंद्रानें या माशांची पैदास करण्याचें तंत्र बसविलें आहे. असे मासे मागून घ्यावे. या जातीची एक गंमत अशी कीं सर्व पिलें प्रथम नर म्हणून वाढतात आणि जोडींतील थोरला पुढें मादी होतो. नातवानें दोघांचींहि नांवें मुलांचीं ठेवलीं आहेत. त्यांतलें एक केव्हांतरी बदलावें लागेल हें मीं त्यास सांगितलेलें आहे. एका वेळीं दोनच मासे आणावे, कारण जंतूंची संख्या मिळणाऱ्या अन्नाइतकीच राहते. एकदम सहा मासे सोडले तर अमोनिया पुन्हां वर चढतो. पहिले पंधरा दिवस दाणे मोजून घालावे.

मासे आल्यावर साधारण दोन आठवड्यांनीं वाळूवर व काचेवर तपकिरी साय चढते. ती डायटम नांवाच्या सूक्ष्म वनस्पतींची असते आणि पाण्यांतील सिलिका संपत आली कीं आपोआप ओसरते. मागाहून हिरवें शेवाळ येतें. गोगलगायी सोडाव्या, काच पुसावी, औषधें ओतूं नयेत. तांब्याचें औषध तर मुळींच नको. त्यानें गोगलगायी, खेकडे सर्व मरतात.

प्रवाळांविषयीं मला बरेच जण विचारतात. कायद्याचें मीं सांगितलेंच आहे. त्याखेरीज, ज्या देशांत बागेंतल्या कलमांप्रमाणें टाकींत वाढविलेले प्रवाळाचे तुकडे रीतसर मिळतात तेथेंहि अनुभवी लोक पहिले कांहीं महिने ते लावीत नाहींत. प्रवाळास लिटरमागें चारशेंच्या वर मिलिग्रॅम कॅल्शियम, बाराशें-तेराशें मॅग्नेशियम आणि दिवसादिवसास न बदलणारी क्षारता लागते. आणि पाणी थोडें अधिक तापलें कीं आपल्या शरीरांत राहणारीं शेवाळें तें बाहेर टाकतें व पांढरें पडतें. हेंच आज समुद्रांतहि घडत आहे.

राहतां राहिला विजेचा प्रश्न. पंप बंद पडला कीं तासाभरांत खडकाच्या आंतल्या जंतूंस प्राणवायु कमी पडूं लागतो, आणि चाळीस दिवसांची कमाई एका पावसाळी रात्रींत जाऊं शकते. बॅटरीवर चालणारा लहान हवेचा पंप फार थोड्या पैशांत मिळतो. तो टाकीबरोबरच घ्यावा, सेल दर ज्येष्ठांत बदलावे, आणि घरांतील प्रत्येकास, विशेषतः रात्रीं उशिरापर्यंत जागणाऱ्या मुलांस, तो कोठें ठेवला आहे व कसा लावावयाचा हें दाखवून ठेवावें.